हळदीचे सुतक

या लेखातले 'आम्ही' लेखनाच्या शिष्टाचारापुरते नाही. लिहिणाऱ्या खरोखरच आम्ही दोघी आहोत. तेव्हाच्या औरंगाबादेत, विद्यापीठाच्या मराठी विभागात एका बाकावर बसून आम्ही १९९९ साली एम.ए. झालो आणि पुढे आमच्यातली एक दुसरीची भावजय झाली. दोघीही महाविद्यालयांत मराठी शिकवतो. २०२२ च्या फेब्रुवारीत एक माणूस गेला. तो आमच्यातल्या एकीचा भाऊ होता आणि दुसरीचा नवरा. त्याच्याविषयी लिहायचे तर दोघींनी मिळून, असे ठरले होते. पण कागद पुढे घेतला की 'मी' कुणाचा येथेच गाडी अडे. शेवटी 'आम्ही'वर समझोता झाला. तो सगळीकडे टिकत नाही. जेथे टिकत नाही तेथे तसे सांगू.

घर जवळा बाजारचे. परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हे सारे परभणीतच मोडत असे, त्यामुळे आमच्या जुन्या दाखल्यांवर जिल्हा परभणीच आहे. औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि नरसीचे नामदेव यांच्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्याला हा मुलूख ऐकून माहीत असतो. पण येथल्या माणसाला विचारले तर तो आधी हळदीचे सांगेल. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी, काळी जमीन आणि वसमत-हिंगोलीच्या बाजारपेठा यांमुळे हळद हे येथले घर चालवणारे पीक झाले. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पाला वाळला की तो कापतात, मग जमीन खणून कंद काढतात. मधला जाड गड्डा आणि त्याला फुटलेली बोटांसारखी हळकुंडे मोडून वेगळी करायची, उकडायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग ढोलात फिरवून चोळायची. तेव्हा कुठे तिचा रंग वर येतो. काढलेली ओली हळद फार दिवस तशीच ठेवता येत नाही. उकडायचे यंत्र भाड्याने येते, त्याचे नंबर लागलेले असतात. आपला नंबर गेला की पुढचा कधी लागेल सांगता येत नाही.

तो गेला त्या दिवशी दीड एकराची हळद काढून शेतात पडली होती. सकाळी शेतावर गेला, छातीत दुखते म्हणाला, परभणीच्या वाटेवर गेला. एवढेच. वय पन्नाशीच्या आतले.

त्या दुपारी अंगणात जे झाले ते आम्ही दोघींनी वर्गात अनेकदा 'वाचलेले' होते. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, कुंकू. स्त्रीवादी समीक्षेची अभ्यासपत्रिका आम्ही दोघीही शिकवतो; एकीने त्यावर चर्चासत्रात निबंधही वाचलेला आहे. भावजयीने आपले हात स्वतःहून पुढे केले. नणंद तीन हातांवर उभी होती आणि काही बोलली नाही. या मौनाचे कारण आजही आम्हांला नीट सांगता येत नाही. भीती म्हणावी तर तेथे भीती वाटावी असे कुणी नव्हते; त्या साऱ्या चुलत्या-मावश्या होत्या, त्यांच्याही डोळ्यांना पाणी होते आणि आपण तिला काही इजा करत आहोत असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. आईसुद्धा तेथेच बसली होती. म्हणजे त्याची आई, भावजयीची सासू. ती स्वतः २००९ मध्ये यातून गेली होती. तिने अडवले असते असे लिहिता आले असते तर हा लेख अधिक वाचनीय झाला असता. तिनेही अडवले नाही.

आईने अडवले ते तिसऱ्या दिवशी, आणि ते वेगळ्याच गोष्टीसाठी. यंत्राचा नंबर पाचव्या दिवसाचा होता. घरात सुतक, हळद तर मंगल वस्तू. ती सुतकात उकडावी की नाही यावर ओट्यावर वडीलधाऱ्यांची बोलणी चालली होती. कुणी म्हणे नंबर दुसऱ्याला द्या, कुणी म्हणे निम्म्या वाट्याने दुसऱ्यालाच उकडू द्या. आई आतून म्हणाली, "हळदीला कशाचं आलंय सुतक? सडली तर त्यो परत येणार हाय का?" मग कुणी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी शेतात हळद उकडली.

सुतकाचा आणखी एक पैलू आम्हांला तेव्हा नव्याने कळला. लग्न झालेल्या बहिणीला भावाचे दहा दिवसांचे सुतक नसते. ती दुसऱ्या घरची. तिची सुटका लवकर होते, आणि सुटका हाच तेथे शब्द आहे. तिचे कुंकू तिच्या कपाळावर, तिच्या बांगड्या तिच्या हातांत. एवढेच नव्हे, तर दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून नात्यातले लोक जेवण घेऊन येतात, ज्याला आपल्याकडे कडू घास म्हणतात, तो घेऊन ती सासरच्या माणसांबरोबर स्वतःच्याच माहेरी आली. भाकरी, पिठले, वरण. नावातच काय ते कडू. चवीला ते साधेच जेवण. ज्या घरात ती त्याच्याशी धपाट्याच्या शेवटच्या तुकड्यावरून भांडली होती तेथे तिने पाहुणीसारखे वाढले. भावजयीला समाजाने दुःखाची एक भली मोठी खूण दिली, जी पुसता येत नाही. नणंदेला कसलीच खूण दिली नाही. दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत, हे आम्हांला एकमेकींशी भांडूनच समजले.

तेराव्यानंतर भावजय खळ्यावर गेली. कुणी नेले नाही, आपण होऊन गेली. उकडलेली हळद ताडपत्रीवर पसरली होती. पाच-सहा बाया ती उलथत होत्या, राहिलेले गड्डे बाजूला काढत होत्या. त्यांतल्या दोघी-तिघी विधवा होत्या. हे तोवर कधी लक्षातच आले नव्हते. वर्षानुवर्षे या बाया हळदीत काम करतात. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात, नखांतून पिवळा रंग महिनोन्महिने निघत नाही. ज्या स्त्रीला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चिमूटभर हळद कुणी लावत नाही, ती पोत्यांनी हळद हाताळते आणि कुणाचे काही अडत नाही. शिवाय कुंकू ते काय? हळदच. चुन्याची निवळी किंवा टाकणखार लागला की तीच हळद लाल होते.

त्या बायांनी भावजयीचे सांत्वन केले नाही. थोडे सरकून जागा दिली आणि एक म्हणाली, "मॅडम, गड्डे ह्या अंगाला टाका." दुपारपर्यंत तिने गड्डे वेचले. त्या रात्री, तो गेल्यानंतर प्रथमच, तिला सलग झोप लागली. याला 'श्रमातून विरेचन' असे काही नाव देण्याचा मोह आमच्यातल्या एकीला झाला होता. दुसरीने तो खोडला.

घरात आईचे काही निराळेच चालू होते. संध्याकाळी येसराची आमटी केली की ती पळी पुढे करून म्हणायची, "मीठ बघ बरं." येसर म्हणजे ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने असे भाजून दळून वर्षभरासाठी ठेवलेले पीठ, मराठवाड्यात ते घरोघरी असते आणि त्याच्या आधारावर अर्ध्या तासात वीस माणसांची आमटी होते. भावजय ओठ लावायची, बरोबर आहे म्हणायची. खरे तर त्या महिन्यांत तिला कशाचीच चव लागत नव्हती. बरोबर आहे म्हणायचे म्हणून म्हणायची. चैत्र गेला, वैशाख गेला. आषाढात एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आज खारट झाली." आईने फक्त "व्हय?" म्हटले आणि पाणी ओतले. पुढच्या रविवारी नणंद आली तेव्हा तिला हे कळले आणि ती सहज म्हणाली, आईने पन्नास वर्षांत कधी कुणाला मीठ बघायला लावल्याचे आठवत नाही. तिचा हात मोजका आहे. आबा होते तेव्हाही तिने कधी विचारले नाही. आम्ही आईला त्याबद्दल छेडले नाही. त्या आषाढानंतर तिने मीठ विचारणे बंद केले.

आमचा व्यवसाय असा की दुःख झाले तरी माणूस पुस्तकाकडे वळतो. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आल्या. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ सालचा. मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले. नऊ वर्षे आणि पंधरा वर्षे. वर्गात आम्ही ही अंतरे केवळ सनावळी म्हणून सांगत आलो. रमाबाईंचे पुस्तक रानड्यांच्या मृत्यूशी थांबते. हा आम्ही नेहमी रचनेचा मुद्दा म्हणून मांडला, पतीच्या चरित्रात स्वतःला विरघळवून टाकणारी निवेदक वगैरे. आता ते शेवटचे प्रकरण वाचताना मनात भलताच प्रश्न येतो: दुसऱ्या दिवशी रमाबाईंना कुणी वाढले असेल आणि त्यांनी काय खाल्ले असेल? परीक्षेत हा प्रश्न विचारता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो तितका पडत नाही. त्यांच्या पुस्तकात शिजते, सांडते, करपते, उष्टे-खरकटे होते, कुणाच्या हातचे पाणी प्यावे न प्यावे यावर संसार हलतो. आणि टिळकांवर त्या हसूही शकतात. गेलेल्या माणसावर हसता येणे ही फार पुढची पायरी आहे. आम्ही तेथे नुकत्याच पोहोचलो आहोत. तो मिरचीचा ठेचा खाऊन, डोळ्यांतून पाणी काढत "तिखट नाही" म्हणायचा, हे आता आम्ही हसत सांगतो.

ओव्यांचे मात्र भांडण झाले. आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येतात. त्या वर्षीच्या पंचमीला नणंद माहेरी आली होती. रात्री आई गुणगुणू लागली आणि ओवी आली ती भावाची. नणंद मोकळेपणाने रडली; सहा महिन्यांत प्रथमच. रडून डोळे पुसते तो भावजय उठून आत गेलेली. नंतर ती म्हणाली, "तुझ्यासाठी ओवी आहे. माझ्यासाठी एक तरी आहे का सांग."

आम्ही शोधल्या. छापील संग्रह पाहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांमधून लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'परी'च्या संकेतस्थळावर येत गेल्या आहेत. तेथेही तासन्‌तास घालवले. जे दिसले ते असे. ओवीत भावाला जेवढी जागा आहे तेवढी आई आणि लेक सोडल्यास क्वचितच कुणाला असेल. बहीण भावाची वाट पाहते, त्याच्यावर रुसते, त्याच्या वैभवाचे कौतुक करते, तो नसला तर माहेर सुने झाले म्हणते. नवरा ओवीत येतो तो बहुधा चुडा म्हणून, कुंकू म्हणून. आणि त्याच्याविषयीची मोठी मागणी कोणती, तर त्याच्याआधी मला मरण यावे. अहेवपणी जाण्याचे सोहळे ओवीत तपशिलाने येतात. जी मागे राहिली तिच्यासाठी त्या मानाने फार थोडे आहे. कित्येक पिढ्यांच्या बायांनी मागितलेले मागणे जिच्या बाबतीत फळले नाही, तिने कुठली ओवी म्हणायची?

आईला विचारले. आबांसाठी कधी ओवी म्हटली का? ती म्हणाली, "रांडाव बाईनं हळदीच्या जात्याला हात लावायचा नसतोय. मग कशाची ओवी?" लग्नातली हळद जात्यावर दळताना पहिल्या ओव्या सवाष्णींनी धरायच्या, विधवा दूर. रोजच्या दळणाला मात्र तिला कुणी अडवत नव्हते. पहाटे दोन पायली दळायला ती चाले, मंगल दळणाला नाही. तेव्हा ही उणीव भावनेची नसून जागेची असावी असा आमचा तर्क आहे. गाण्याच्या मुख्य प्रसंगातून गाणारीलाच उठवले, तर तिचे गाणे संग्रहात कोठून येणार? बहिणाबाई चौधरी तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. त्यांचे वैधव्याचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले, पण तेही मुलाने टिपून ठेवले आणि १९५२ साली छापले गेले म्हणून. प्रत्येकीच्या घरात सोपानदेव नसतो.

येथे 'आम्ही' पुन्हा तुटते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे आवाहन केले. फेब्रुवारी ते मे. तीन महिन्यांचे अंतर. भावजयीच्या स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र फिरले आणि एक सहकारी अगदी सद्भावनेने म्हणाले, "आता तुम्ही टिकली लावायला हरकत नाही, मॅडम." नणंदेचे मत होते की तिने लावावीच, नुसती लावू नये, ठळक लावावी, आपण अंगणात गप्प राहिलो त्याची तेवढी तरी भरपाई होईल. भावजयीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तो असताना मी निम्म्या दिवशी टिकली लावायला विसरायचे. त्याला ते कळायचेही नाही. आता न लावली तर प्रथा, लावली तर निषेध. माझे ते विसरणे होते, ते मला कोण परत देणार?" या प्रश्नाला नणंदेकडे उत्तर नव्हते. हेरवाडचा ठराव मोलाचा आहे, तो गावोगाव व्हावा, याविषयी आमच्यात मतभेद नाही. पण ती कधी टिकली लावते, कधी लावत नाही, आणि कुठल्या दिवशी ती विसरली आहे हे आता आम्ही विचारत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात नणंदेच्या मुलीचे लग्न झाले. मुलीला बोहल्यावर मामा आणतो, मामा नव्हता. त्याचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, मामाच्या जागी उभा राहायचे ठरले. हळद त्याच शेतातली. भावजयीने स्वतः निवडलेली हळकुंडे दळून तिने डब्यात भरून दिली होती. मुलीला हळद मामीनेही लावावी, असा नणंदेने धरलेला हट्ट सासरच्या मंडळींनी ठामपणे नाही, पण 'बघू'वर नेला. भावजय म्हणाली, माझ्यावरून तुझ्या मुलीच्या लग्नात बैठका नकोत. मग हळदीच्या दिवशी मांडवात सवाष्णी आणि मागच्या चुलीवर आई आणि भावजय, असे जे व्हायचे तेच झाले. येसराची आमटी दोन पातेली, भात, भज्यांचे पीठ. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. एवढ्या माणसांची आमटी त्या दोघींशिवाय दुसऱ्या कुणाला जमलीही नसती.

हळद लावून झाली आणि मुलगी तशीच मागे आली. सकाळपासून उपाशी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले पिवळे, तळव्यांवर मेंदी. हाताने खाता येईना. चुलीशेजारच्या पाटावर बसून म्हणाली, "मामी, मला भरव." भावजयीने भात कालवला आणि भरवू लागली. मुलगी लहानपणी जशी हात धरून खायची तसाच तिने मामीचा हात मनगटाशी धरून ठेवला. चार-पाच घास झाल्यावर भावजयीने खाली पाहिले तर मनगटावर चारी बोटांची हळद उठली होती. तिने आईकडे पाहिले. आई ते पाहत होती. भावजय धुवायला उठू लागली तशी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, आमटी उतू चालली. पळी घाल आधी."

नणंदेने हे मांडवातून आत येताना दारातच पाहिले. तिने काही बोलू नये एवढे शहाणपण तोवर तिला आले होते.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या परीक्षा होत्या. उत्तरपत्रिका वाटताना पहिल्या बाकावरच्या मुलीचे लक्ष मनगटावर उरलेल्या फिकट पिवळ्या खुणांकडे गेले.

"मॅडम, घरी हळद होती का?"

"हो," भावजय म्हणाली, "भाचीची. बैठक क्रमांक नीट लिही."